दारू एकदम बंद केल्यावर भिंतीवर मुंग्या दिसतात, हे ऊन लागल्यामुळे आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर बारा वर्षं रोज दोन क्वार्टर घ्यायचे आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, देवासमोर शपथ घेऊन त्यांनी दारू बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरले. आज तिसऱ्या रात्री अंग घामाने चिंब आहे, झोप नाही, भिंतीवर मुंग्या दिसतायत. सासूबाई म्हणतात ऊन लागलं, शेजारचे म्हणतात बाहेरचं आहे. ही सगळी लक्षणं दारू तुटल्याची आहेत आणि यात जीव जाऊ शकतो. आधी १०८ ला फोन लावा, उरलेलं उत्तर गाडीत बसून वाचा.

जळगाव-धुळ्याकडे या दिवसांत पारा ४२-४३ वर असतो, त्यामुळे उन्हावर संशय जाणं साहजिक आहे. पण क्रम बघा. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत थरथर आणि मळमळ सुरू होते. फिट आलीच तर बहुतेकदा पहिल्या ४८ तासांत येते. ४८ ते ९६ तासांत भास, ताप, बरळणं, माणसं न ओळखणं. रोजची दारू मेंदूला दाबून ठेवते, मेंदू त्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू एकदम काढली की तो जोर मोकाट सुटतो.

गाडी येईपर्यंत त्यांना एकटं सोडू नका. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: रोज किती प्यायचे, शेवटचं कधी प्याले, आधी कधी फिट आली होती का, कावीळ झाली होती का. गल्लीतल्या दवाखान्यात नुसती ग्लुकोजची सलाईन लावून घरी पाठवतील, तर थांबू नका. अशा रुग्णाला थायमिन, म्हणजे बी-१, आधी किंवा सोबतच द्यावं लागतं. नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थरथर थांबवणाऱ्या गोळ्या डॉक्टर पाच-सात दिवसांत कमी करत नेतात. त्या मेडिकलमधून स्वतः आणू नका, त्यावर दारू पोटात गेली तर श्वास बंद पडू शकतो.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीच्यांच्या घरी अशाच शपथा होतात, आणि हे सांगताना मला खरंच वाईट वाटतं. तुमच्या मिस्टरांचा निर्धार खरा आहे, तो वाया जाऊ देऊ नका. घरी आल्यावर पुढच्या उपचारांची चौकशी १४४४६ वर करा, तो फोन मोफत आहे.

चहातून गुपचूप द्यायची गोळी कुणी सुचवली तर साफ नाही म्हणा. ती बहुधा डायसल्फिराम असते. न सांगता दिली आणि त्यांनी दारूचा एक घोट घेतला, तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, बीपी कोसळतं, हृदय बंद पडू शकतं. शेवटच्या गोळीनंतरही हा धोका दोन आठवडे राहू शकतो.