फ्यूज आहे, पण कुठे?

तुमची पोस्ट वाचता वाचता सकाळचा चहा गार झाला. बाइकवर मोबाईल चार्जर बसवलाय आणि आठवडाभर गाडी उभी राहिली की सेल्फ घेत नाही, नुसतं टकटक. चार्जर लावून देणारा म्हणतो, “डायरेक्ट बॅटरीला दिलंय, टेन्शन नाही.” शोरूमवाले म्हणतात, बाहेरचं फिटिंग आहे, बॅटरीची वॉरंटी विसरा. ही तिन्ही वाक्यं मी २०१९ मध्ये ऐकली आहेत, साधारण याच क्रमाने. तुम्ही गणपतीत पुण्याहून चिपळूणला निघणार आणि विचारताय की आता चार्जर कुठला घेऊ, यूएसबीचा की ते सिगारेट लायटरसारखं बारा व्होल्टचं सॉकेट. अहो, चार्जर कुठलाही घ्या. त्याआधी सीट उघडा, बॅटरीच्या प्लसवरून निघालेली ती जास्तीची लाल वायर बोटाने धरा आणि पुढे सरकत जा. फ्यूज किती अंतरावर लागतो ते बघा.

मी इलेक्ट्रिकलचा माणूस नाही, बँकेत नोकरी करतो. तेव्हा खालचं सगळं एका पोळलेल्या माणसाचं मत समजा. गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल खरं. सीट कशी काढायची, प्लस-मायनस कुठलं, हे तुम्हाला येतं असं धरून चाललोय.

आता माझा प्रताप. गाडी दीडशे सीसी, कंपनीचं नाव घेत नाही, नाहीतर खाली वेगळंच महाभारत सुरू होईल. चार्जर बरा होता, रबरी झाकणाचा, व्होल्टेज दाखवणाऱ्या लाल आकड्यांचा. बसवायला ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन, वीस वर्षं त्याच टपरीत बसलेला. त्याने फ्यूज बॅटरीजवळ, सीटखाली टाकायला घेतला होता. आणि मी शहाणा त्याला म्हणालो, “तिथे नको, रस्त्यात उडाला तर सामान सोडून सीट कोण काढत बसणार? हँडलपाशी टाक, हाताशी येईल.” त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, “तुमची मर्जी” म्हणाला आणि टाकला. त्या “तुमची मर्जी”त सगळं होतं. मला ऐकू आलं नाही.

सात महिने काही झालं नाही. ऑगस्टमध्ये उंब्रजवरून आत वळून, पाटण करून कोयनानगरपर्यंत पोचलो. पुढे कुंभार्ली घाट, पाऊस मी म्हणत होता. एका टपरीसमोर चहासाठी गाडी फिरवली, हँडल डावीकडे पूर्ण टेकवलं आणि टाकीखालून प्लास्टिक जळल्याचा वास आला. मग पांढरा धूर. चावी बंद केली. धूर चालूच. चावी काढून हातात घेतली. तरी चालूच! चावीशी त्या वायरचा संबंधच नव्हता ना, ती थेट बॅटरीवरून आलेली. सीटवर बंजीने आवळलेली बॅग, वर रेनकव्हर. ते सोडवताना बोटं चालेनात. सीट उघडली तेव्हा लाल वायरचं वरचं कातडं बुडबुडे येऊन गळत होतं. टपरीवाले काका आतून पक्कड घेऊन धावत आले आणि काही न विचारता प्लसपाशीच ती वायर तोडली. धूर थांबला. पेट्रोलची टाकी तिथून चार बोटांवर होती, हे मला चहाचा दुसरा घोट घेताना सुचलं.

झालं होतं ते असं. वायर टाकीखालून कोनसेटजवळून (हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं ती जागा) हँडलकडे वर गेली होती आणि तिथे टायने, म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीने, करकचून आवळली होती. दर वळणाला ती फ्रेमच्या कडेवर थोडी थोडी घासत राहिली. सात महिन्यांत तांबं उघडं पडलं आणि त्या दिवशी फ्रेमला टेकलं. फ्रेम म्हणजे मायनस. बॅटरीपासून कोनसेटपर्यंत मध्ये फ्यूज नाही, कारण साहेबांनी तो पुढे हँडलवर मागून घेतलेला. इंजिनाला सेल्फने फिरवणारी बॅटरी अशा शॉर्टमध्ये क्षणात शंभरावर अँपिअर ओतते, आणि वायर होती चार-पाच अँपिअरच्या हिशोबाची. ती तापून वितळली आणि जिथे जिथे गाडीच्या मूळ वायरिंगला टायने बांधली होती तिथे तिथे त्यालाही घेऊन गेली. हँडलवरचा फ्यूज मात्र शाबूत. तो काचेचा फ्यूज अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

फ्यूज मोबाईलसाठी नसतो, वायरसाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला वायरचा तुकडा उघडा जीव असतो, त्यामुळे तो जितका आखूड तितकं बरं. माझा आता वीतभरसुद्धा नाही. आणखी एक फसवणूक सांगतो. बऱ्याच चार्जरच्या वायरीत कंपनीच फ्यूज होल्डर घालून देते आणि तो नेमका मधोमध असतो. वायर आखूड पडली की मेकॅनिक बॅटरीच्या बाजूने तुकडा जोडतो, मग फ्यूज आणखी पुढे सरकतो. “फ्यूज आहे ना?” विचारलं तर उत्तर “आहे” असंच येणार. तुम्ही टाकलेल्या फोटोत फ्यूजचं जे काळं नळकांडं दिसतंय ते मला टाकीच्या पुढच्या टोकाशी वाटतंय. माझी नजर चुकत असेल तर आनंदच आहे.

आता सर्व्हिस सेंटर. नाव घेणार नाही, गावही सांगत नाही. टेम्पोत घालून गाडी तिथे पोचवली, २,२०० रुपये. सतरा दिवस उभी. वायरिंग वॉरंटीत नाही म्हणाले, ते मी मान्य केलं, चूक माझीच होती. पण त्याच फेरीत पुढच्या शॉकअपमधून तेल येत होतं, ते मी जळिताच्या आधी दोनदा लिहून दिलेलं, तेही नाकारलं. कारण? जॉबकार्डवर एकच ओळ: “बाहेरील इलेक्ट्रिकल फिटिंग.” चार्जरच्या वायरीमुळे शॉकअपचं ऑइल सील कसं फाटतं, हे मी तीन माणसांना विचारलं. पहिला म्हणाला सिस्टिम घेत नाही, दुसरा म्हणाला वरून आलंय, तिसरा जेवायला गेला तो आलाच नाही. कस्टमर केअरला तीन मेल केले, तिन्हींना तेच उत्तर, खाली सहीचं नाव तेवढं वेगळं. आणि ज्या काउंटरपाशी उभं राहून मी हे ऐकत होतो, त्याच्या काचेच्या कपाटात काय होतं सांगा? यूएसबी चार्जर. ॲक्सेसरी म्हणून, बसवून मिळेल. तिथून बसवला असता तर कदाचित माझं शॉकअप गळलंच नसतं!

असो. यातून कामाचं एवढंच: वॉरंटी नाकारली तर कुठला भाग, कशामुळे, हे जॉबकार्डवर लिहून मागा. तोंडी ऐकून घरी येऊ नका, मी आलो होतो. तुमच्या बॅटरीच्या बाबतीत त्यांचं थोडं खरंही असू शकेल, ते खाली येतंच. शक्य असेल तर शोरूममधूनच बसवून घ्या आणि बिलावर फिटिंगसकट नोंद घ्या. दोनशे-तीनशे जास्त जातील, जाऊ द्या.

बॅटरी का उतरते त्याचा हिशोब. लाल आकडे चोवीस तास पेटलेले असतात. माझा चार्जर मोबाईल न लावता २० मिलीअँपिअर खात होता. दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर, आठवड्याला साडेतीनच्या आसपास. तुमची बॅटरी ५ एएचची (अँपिअर-अवरची) आहे म्हणता, म्हणजे दोन तृतीयांश गेली. वर फ्युएल इंजेक्शनची गाडी, बॅटरी पार झोपली तर पेट्रोल पंप आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जागेच होत नाहीत, धक्का मारूनही उपयोग नाही. आधी चार्जरचा फ्यूज काढून गाडी आठवडाभर उभी करा. सेल्फ झटक्यात घेतला तर चोर सापडला. नाही घेतला तर बॅटरीच म्हातारी झाली असेल, मग शोरूमशी भांडायला तुमच्या हातात काहीतरी आहे. मीटरने गळती मोजणार असाल तर बॅटरीचं मायनस टोक आणि त्याची वायर यांच्या मध्ये लावून मोजा, आणि मीटर लावलेला असताना चुकूनही चावी ऑन करू नका. माझ्या मीटरचा फ्यूज त्यातच गेला. होय, आणखी एक फ्यूज.

उपाय म्हणजे रिले, थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. ॲक्सेसरीवाले याला फाटे फोडतात, “कशाला दोनशे रुपये घालवता” वगैरे. घालवा. बॅटरीच्या प्लसवरून ५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन. ८७ वरून चार्जरची प्लस. ८५ मायनसला. ८६ ला चावी ऑन केल्यावर १२ व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य देणारी एखादी वायर, ब्रेक लाइटच्या स्विचला येणारी चालते. रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, त्यामुळे मूळ वायरीवर भार नाही, आणि चावी काढली की सगळं मेलेलं. एबीएस, ईसीयू, पेट्रोल पंप, सेन्सर यांच्या वायरींना कोणी हात लावायला निघाला तर त्याच्या हातातून गाडी काढून घ्या. तुमच्या भावाच्या जुन्या, रोजच्या वापराच्या साध्या बाइकलाही हेच करायचंय असं लिहिलंय, तिथे आणखी एक गंमत आहे. जुन्या बऱ्याच गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालतो. हेडलाइटच्या वायरीवरून कनेक्शन घेतलं की चार्जर गेलाच, आणि मोबाईलचं नशीब.

वायर १ स्क्वेअर एमएमची तांब्याची घ्या, वरून जाळीदार स्लीव्ह. पिळा मारून काळी टेप नको, एका उन्हाळ्यात तिचा डिंक पातळ होतो आणि पावसाळ्यात ती आपोआप उलगडते. वायर न सोलता जोड देणाऱ्या निळ्या क्लिपा तर मुळीच नकोत, त्या तारा अर्धवट कापतात. थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) दाबून वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. हे सगळं पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळून जाईल, रिले आणि कपलर (वायर जोडायचे प्लग) नाना पेठेत. कोनसेटपाशी वायर सैल ठेवा. टाय मारण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण टेकवून बघा, वायर कुठे ताणते, कुठे चिमटते. मग टाय.

गाडी हे पेलते का, असंही विचारलंय. पेलते. १८ वॅटचा फास्ट चार्जर बॅटरीकडून पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेईल. १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या गाड्यांचा हेडलाइट तसाही कायम पेटलेला असतो, ते धरूनच गाडीचा हिशोब केलेला असतो. शंका असेल तर सगळं चालू ठेवून तीन-चार हजार आरपीएमला बॅटरीवर मीटर लावा. साडेतेरा व्होल्टच्या वर राहिलं तर बिनधास्त. ट्रॅफिकमध्ये इंजिन नुसतं गुरगुरत असताना आकडा खाली येतो, त्याला घाबरू नका. पण बारा व्होल्टच्या सॉकेटवर टायरमध्ये हवा भरायचा पंप लावायचा विचार असेल तर सोडून द्या. तो आठ-दहा अँपिअर ओढतो, त्याला बॅटरीवर चिमटे लावून, इंजिन चालू ठेवूनच वापरा. शिवाय ते सिगारेटवालं सॉकेट खड्ड्यांत सैल होतं आणि पिन बाहेर येते. आपल्याकडचे खड्डे मी तुम्हाला काय सांगू. यूएसबीच घ्या.

खरं सांगू का, आता माझं मत असं झालंय की वर्षातून दोन ट्रिपा करणाऱ्याने या फंदात पडूच नये. १०,००० एमएएचची पॉवर बँक टँक बॅगमध्ये टाका, मोबाईल दीडेक वेळा भरतो, एका दिवसाला पुरे. तुम्हाला हेल्मेटचा इंटरकॉम आणि कॅमेराही चार्ज करायचाय म्हणून वरचं पुराण लावलं. तरीही कोकणात पाऊस लागला की मोबाईलला वायर लावू नका. फोनच्या ओल्या चार्जिंग पिनेत (यूएसबी-सी) करंट गेला की हिरवट गंज धरतो, मग कोरड्या हवेतही फोन “ओलावा आहे” म्हणत बसतो. मी गाडीच्या चार्जरवरून पॉवर बँक भरतो आणि फोन थांब्यावर, छपराखाली. घाटात रेंज नसतेच, नकाशा घरूनच उतरवून घ्या. आणि होल्डर हँडलवर लावणार असाल तर खाली थरथर शोषणारी रबरी चकती घाला. इंजिनाच्या कंपनाने कॅमेऱ्याची ती हलणारी भिंग-यंत्रणा बिघडू शकते, ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच तशी सूचना दिली होती. माझ्या फोनचा कॅमेरा त्याच्या आधीच गेलेला, नंतर कळून काय उपयोग.

तेव्हा निघण्याआधी दोन फोटो टाका, एक बॅटरीच्या प्लसचा आणि एक टाकी उचलून कोनसेटपाशी वायर कशी जाते त्याचा. हँडल डावीकडे पूर्ण टेकवून काढा, सरळ ठेवून काढलेल्या फोटोत सगळंच छान दिसतं. आणि पक्कड सामानात घ्या, बॅगेच्या वरच्या कप्प्यात.

ता. क. खाली कोणीतरी लिहिलंय की १५ अँपिअरचा फ्यूज टाका म्हणजे सारखा उडणार नाही. दादा, सारखा उडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय. ५ च ठेवा.