ग्रुपवर नवीन आलायस, म्हणून सांगतो

काल तुझं नाव आपल्या फुटबॉल क्लबच्या ग्रुपात घातलं. बावीस वर्षं इथं खेळतोय, म्हणून सांगावंसं वाटलं.

मॅच हरलो की त्या रात्री फोन बाजूला ठेव. घाम वाळायच्या आत लिहिलेलं बहुतेक वेळा रेफरीवरच असतं. फुटबॉलच्या नियम ५ प्रमाणे त्याचा निर्णय अंतिम. स्टेटस टाकून गोल परत मिळत नाही. एकदा मीच रागाच्या भरात एका रेफरीला 'विकला गेलेला' लिहिलं. पाच मिनिटांत पुसलं, पण तोवर स्क्रीनशॉट त्यांच्या मुलीपर्यंत पोचला होता. दुसऱ्या दिवशी टिळकवाडीत त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. दार त्या मुलीनंच उघडलं. तिची नजर अजून आठवते.

बारक्या पोरांचे फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय टाकू नकोस. जर्सी बदलतानाचा किंवा रडतानाचा तर अजिबात नाही.

आणि हे नीट ऐक. आपला गोलकीपर कन्नड, डिफेन्सला उर्दू बोलणारी दोघं, पुढं आपण मराठी. १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव, दुसरीकडे सीमाप्रश्नावरून मराठी लोकांचा काळा दिवस. तुझं मत तुझ्या खात्यावर खुशाल मांड, मीही मांडतो. पण क्लबच्या जर्सीतल्या फोटोखाली नको. ती जर्सी सगळ्यांची आहे. प्रॅक्टिसचा निरोप मराठीत टाकलास तर खाली कन्नडातही वेळ लिही. येत नसेल तर गोलकीपरला विचार, तो हौसेनं लिहून देतो.