किलेशनचे वीस सलाइन घेण्याआधी शिरेतल्या रक्ताची एक साधी तपासणी करा

तुमचा प्रश्न असा: गेले आठ-नऊ महिने थकवा, डोकं जड, झोप उडालेली. एका ठिकाणी आधी एक कॅप्सूल दिली, पुढच्या सहा तासांची लघवी गोळा केली, आणि अहवालात शिसं आणि पारा दोन्ही लाल पट्ट्यात आले. आता ‘शरीरातलं विष काढायला’ किलेशनचे, म्हणजे धातू धरून लघवीवाटे बाहेर नेणाऱ्या औषधाचे, वीस सलाइन सांगितलेत. घ्यावेत का?

आज तरी घेऊ नका. आधी कुठलीही कॅप्सूल न घेता शिरेतलं रक्त देऊन शिशाची साधी तपासणी करून घ्या. तुमच्या हातातल्या अहवालावरून तुम्हाला विषबाधा आहे की नाही हे ठरवताच येत नाही. का, ते सविस्तर सांगतो. मी डॉक्टर नाही, पण सतरा वर्षं विषतपासणीच्या प्रयोगशाळेत रक्तातले आणि लघवीतले धातू मोजायचं काम केलं आहे. असे अहवाल माझ्या हातून गेलेत.

शिसं, पारा, आर्सेनिक थोडं थोडं प्रत्येकाच्याच शरीरात असतं. हवा, पाणी, धूळ, अन्न यांतून ते येत राहतं. तुम्हाला दिलेल्या कॅप्सूलसारखं किलेशनचं औषध पोटात गेलं की ते सापडेल तो धातू धरतं आणि मूत्रपिंडावाटे बाहेर नेतं. ठणठणीत माणसानं ते घेतलं तरी पुढचे काही तास त्याच्या लघवीत धातू वाढलेलाच दिसणार, औषधाचं कामच ते आहे. पण अहवालात शेजारी जी ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते, ती औषध न घेतलेल्या लोकांची. जिने चढून आलेल्या माणसाची नाडी मोजायची आणि झोपलेल्या माणसाच्या नाडीशी ताडून त्याला हृदयविकार ठरवायचा, तसा हा प्रकार आहे. औषधानंतर किती आलं म्हणजे जास्त, याची सर्वमान्य मर्यादा अस्तित्वातच नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजी या विषतज्ज्ञांच्या संस्थेनं ही तपासणी शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेली नाही असं स्पष्ट जाहीर केलं आहे.

एका बाईंच्या दोन बाटल्या आमच्याकडे एकाच आठवड्यात आल्या होत्या. पहिल्या बाटलीत शिसं अगदी मर्यादेत. दुसरीत त्याच्या कितीतरी पट. मी यंत्र पुन्हा तपासलं, नमुना पुन्हा चालवला, आकडा तोच. शेवटी फोन केला तेव्हा कळलं की दुसरी बाटली कॅप्सूल घेतल्यावरची होती. आमच्या फॉर्मवर ‘नमुन्याआधी औषध घेतलं का’ असा रकानाच नव्हता. तोपर्यंतच्या वर्षांत असे किती अहवाल माझ्या हातून लाल पट्ट्यासह गेले असतील आणि त्यावर किती जणांनी सलाइन घेतले असतील, हा विचार अजून मनातून जात नाही. तुमचा प्रश्न वाचल्यावर लगेच लिहायला बसलो ते त्यामुळेच.

आता औषधाबद्दल. किलेशन हा शब्द ग्रीक ‘खेले’वरून आला, म्हणजे खेकड्याची नांगी. खेकडा दोन्ही डेंग्यांनी पकडतो तसा औषधाचा रेणू धातूचा अणू दोन किंवा अधिक बाजूंनी धरतो. पहिलं औषध युद्धातून आलं. लुइसाइट हा आर्सेनिक असलेला विषारी वायू शरीरातल्या गंधकयुक्त रेणूंना चिकटतो आणि पेशींचं ऊर्जा बनवण्याचं काम थांबवतो. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांच्या गटानं विचार केला की आर्सेनिकला गंधकच हवं असेल तर त्याला शरीराबाहेरचं गंधक देऊ. एक गंधक असलेले रेणू पुरे पडेनात. शेजारी शेजारी दोन गंधक असलेल्या रेणूनं मात्र आर्सेनिकला कडं घालून धरून ठेवलं. त्याचं नाव ब्रिटिश अँटी-लुइसाइट, आजचं डायमरकॅप्रोल. ते शेंगदाण्याच्या तेलात विरघळवून स्नायूत खोल टोचतात, फार दुखतं, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला ते धोक्याचं आहे. पुढे त्याच कुळातलं तोंडानं घ्यायचं डीएमएसए आलं, त्यालाच सक्सिमर म्हणतात. कॅप्सूल उघडली की सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो गंधकाचाच.

सलाइनमधून देतात ते बहुतेकदा ईडीटीए. इथे एका शब्दावर जीव अवलंबून असतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा. शिशाच्या विषबाधेसाठीचं औषध म्हणजे कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. त्याच्या डेंग्यांत आधीच कॅल्शियम असतं. शिसं भेटलं की ते कॅल्शियम सोडतं आणि शिसं धरतं, त्यामुळे रक्तातल्या कॅल्शियमला धक्का लागत नाही. नुसतं डायसोडियम ईडीटीए मात्र रिकाम्या डेंग्यांनी रक्तात शिरतं आणि समोर सगळ्यात जास्त जे असतं ते धरतं, म्हणजे कॅल्शियम. ते झपाट्यानं खाली गेलं तर हृदय थांबतं. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत किलेशननंतर कॅल्शियम घसरून तीन मृत्यू झाल्याची नोंद तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं केली, त्यांत दोन लहान मुलं होती. नावात फरक एका शब्दाचा. तुम्हाला सांगितलेल्या सलाइनमध्ये नेमकं कुठलं औषध आहे, हे कागदावर पूर्ण नावानिशी लिहून मागा.

बरोबर औषध दिलं तरी ते निवडक नसतं. शिशाबरोबर जस्त आणि तांबंही लघवीतून जातं. ईडीटीएचा भार मूत्रपिंडावर पडतो. डीएमएसएनं पांढऱ्या पेशी घटू शकतात, यकृताचे आकडे वर जाऊ शकतात. म्हणून खऱ्या उपचारात दर काही दिवसांनी रक्त तपासतात. शिवाय प्रत्येक धातूला प्रत्येक औषध चालत नाही. मिथाइल पाऱ्याच्या बाधेत डायमरकॅप्रोल दिलं तर पारा मेंदूकडे सरकण्याची भीती असते. कॅडमियम मूत्रपिंडात इतकं घट्ट बसतं की ते काढायला खात्रीचं औषध नाही. ‘सगळे धातू एकाच सलाइनमध्ये’ असं कुणी म्हणत असेल तर तिथून उठा.

हे वाचून किलेशन म्हणजे थोतांड असं समजू नका. मला यातलं काही सगळ्यात महत्त्वाचं वाटत असेल तर ते हे. ज्याला खरंच बाधा झाली आहे त्याचा जीव या औषधानं वाचतो. २०१० मध्ये नायजेरियातल्या झाम्फारा भागात घराच्या अंगणात सोन्याचं खनिज कुटलं जात होतं. त्या खनिजात शिसं होतं. धूळ मुलांच्या तोंडात गेली, आणि काही महिन्यांत चारशेहून अधिक मुलं दगावली. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या पथकानं तिथे मोठ्या प्रमाणावर डीएमएसए दिलं आणि मुलं वाचली. पण त्यांनी एक अट धरली होती. गावातली माती साफ झाल्याशिवाय त्या गावात औषध सुरू करायचं नाही. बागेगा नावाच्या गावाची सफाई २०१३ पर्यंत रखडली, आणि तिथल्या मुलांना तोवर उपचारासाठी थांबावं लागलं. ऐकायला क्रूर वाटतं. पण औषध देऊन मुलाला त्याच धुळीत परत पाठवलं तर रक्तात शिसं पुन्हा चढतं, आणि औषध वाया जातं.

याचं कारण शरीर शिसं कुठे ठेवतं त्यात आहे. प्रौढाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक शिसं हाडांत असतं, कारण शरीर त्याला कॅल्शियम समजून साठवतं. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येतं, हाडांतलं मात्र दशकानुदशकं राहतं. किलेशननं रक्त रिकामं केलं की हाडं हळूहळू पुन्हा शिसं सोडतात आणि दोन-तीन आठवड्यांत आकडा परत वर येतो. अनुभवी डॉक्टर हे धरूनच चालतात, औषधाचा एक फेरा संपल्यावर थांबून पुन्हा मोजतात आणि मग पुढचं ठरवतात. आधीच ‘वीस’ असा आकडा सांगणं मला त्यामुळेच खटकलं.

मध्यम पातळीच्या शिशाचं काय, हेही तपासून झालं आहे. अमेरिकेत रक्तात २० ते ४४ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर शिसं असलेल्या ७८० लहान मुलांवर सक्सिमरची चाचणी झाली, निष्कर्ष २००१ मध्ये आले. रक्तातलं शिसं उतरलं, पण बुद्धिमापनात औषध घेतलेली आणि न घेतलेली मुलं सारखीच निघाली. हृदयविकारासाठी ईडीटीएचे सलाइन देण्याचंही असंच झालं. २०१३ च्या चाचणीत थोडा फायदा दिसला होता, पण झटका येऊन गेलेल्या मधुमेहींवरच्या दुसऱ्या चाचणीत, २०२४ मध्ये, तो टिकला नाही. रक्तातलं शिसं निम्म्याहून खाली गेलं आणि तरीही झटके, मृत्यू कमी झाले नाहीत. आकडा उतरणं आणि माणूस बरा होणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात लहान मुलांसाठी तोंडानं किलेशनची रेषा ४५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरला आहे, प्रौढांमध्ये ती बरीच वर. पण ५ किंवा त्याहून अधिक आलं तरी शिसं कुठून येतंय ते शोधा आणि ते बंद करा, असं त्यात आहे. बहुतेकांचा खरा उपचार तिथेच होतो.

मग तुम्ही काय करायचं? शिशासाठी शिरेतलं रक्त द्या, धातूंच्या तपासणीसाठीच्या खास नळीत. बोट टोचून घेतलेल्या रक्तात त्वचेवरची धूळ मिसळून आकडा खोटा वाढतो. पाऱ्यासाठी रक्त आणि साधी, औषधाविना लघवी. आर्सेनिक करणार असाल तर आधी चार-पाच दिवस मासे आणि कोळंबी-खेकडे बंद, कारण त्यांतलं निरुपद्रवी आर्सेनिकही मोजलं जातं. नुकताच एमआरआय रंगद्रव्य टोचून केला असेल तर तेही सांगा, मोजणीत घोळ होतो. आधीच्या कॅप्सूलचा परिणाम जायला आठवडाभर तरी मधे जाऊ द्या. आणि तुमच्या कामाचा, छंदाचा विचार करा: बॅटऱ्या, जुना रंग खरवडणं, डाग देणं म्हणजे सोल्डरिंग, नेमबाजी, धातू वितळवणं, घटक न लिहिलेली भस्मं किंवा चूर्णं. यांतलं काहीच नसेल तर थकव्याची नेहमीची कारणं आधी बघून घ्या, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, झोपेत श्वास अडकणं.

फिट म्हणजे आकडी येणं, असंबद्ध बोलणं, पोटात असह्य कळा, मनगट लुळं पडणं, यांतलं काही असेल तर तपासणीची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा. आणि थॅलेसेमियासाठी लोह काढायची किंवा विल्सन रोगासाठी तांबं काढायची औषधं जे घेतात, त्यांनी माझं हे उत्तर वाचून एक गोळीही चुकवू नये. ती औषधंही किलेशनच आहेत, आणि त्यांचं आयुष्य त्यांवर उभं आहे.

अहवाल आला की आकड्याच्या पुढचं एकक आधी वाचा. काही प्रयोगशाळा प्रति लिटर देतात, काही प्रति डेसीलिटर. प्रति लिटर ३५ म्हणजे प्रति डेसीलिटर ३.५. केवळ एवढ्या गोंधळामुळे रात्रभर न झोपलेले लोक मी पाहिलेत. आकडा आणि एकक दोन्ही इथे खाली लिहा, मी वाचून दाखवीन, आणि तोच कागद घेऊन विषबाधेचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे जा.