'ज म लॅव'मधला तो 'म' कशाला?

फ्रेंच शिकताना पडणारे प्रश्न दोन आहेत. कोशात 'लवे' म्हणजे उठणे असं दिसतं, मग 'मी उठतो' हे नुसतं 'ज लॅव' का नाही, मध्ये 'म' घालून 'ज म लॅव' का? आणि 'एल सॅ लावे' (तिने आंघोळ केली) लिहिताना शेवटी स्त्रीलिंगाचा मुका 'ई' जोडायचा, पण 'एल सॅ लावे ले मँ' (तिने हात धुतले) लिहिताना जोडायचा नाही, असं का? (उच्चार देवनागरीत अंदाजानेच दिले आहेत.)

पहिल्या प्रश्नाची मेख कोश पाहण्यात आहे. 'लवे' म्हणजे उठणे नव्हे, उचलणे किंवा वर करणे. 'ज लॅव ला मँ' म्हणजे मी हात वर करतो. नुसतं 'ज लॅव' म्हटलं की ऐकणारा 'काय वर करतोस?' म्हणून ताटकळतो. 'उठणे' आहे ते 'स लवे'. तो 'स' कर्त्याप्रमाणे म, त, स, नू, वू असा बदलतो.

मराठी माणसाला हे खटकतं, कारण दोन्ही भाषा उलट्या टोकांकडून निघतात. आपल्याकडे अकर्मक धातू मूळ, आणि त्यावरून प्रयोजक रूप होतं: फिरणे, फिरवणे. फ्रेंचमध्ये 'प्रोम्ने' म्हणजेच फिरवणे, आणि फिरायचं असेल तर 'स प्रोम्ने'. कुत्र्याला फिरवता तेव्हा 'ज प्रोमॅन मों श्यँ', स्वतः फिरता तेव्हा 'ज म प्रोमॅन'. अशा जोड्या ढिगाने सापडतात: आस्वार बसवणे, सास्वार बसणे, आरेते थांबवणे, सारेते थांबणे, कासे तोडणे, स कासे तुटणे, त्रोंपे फसवणे, स त्रोंपे चुकणे. 'वांद्र' विकणे, तर 'सा स वां ब्यँ' म्हणजे चांगलं खपतं. म्हणून 'ज म लॅव'चं भाषांतर 'मी स्वतःला उठवतो' असं करू नये. इथे 'म' बहुतेक वेळा 'स्वतःला' सांगत नाही, सकर्मकाचं अकर्मक करतो. खरंच 'स्वतः'वर जोर हवा असेल, तर फ्रेंच लोक वेगळं 'म्वा-मॅम' जोडतात.

हा आडाखा सगळीकडे मात्र चालत नाही. तोंबे (पडणे), दोर्मीर (झोपणे) ही जात्याच अकर्मक आहेत, त्यांना 'स' लागत नाही. तिथे प्रयोजक करायला 'फॅर' (करणे) लावतात: फॅर तोंबे, पाडणे. गंमत म्हणजे 'फॅर'नंतर 'स'वाल्या क्रियापदाचा 'स' बऱ्याचदा गळतो. 'स तॅर' गप्प बसणे, पण गप्प करणे 'फॅर तॅर'.

शरीराच्या अवयवांबाबत एक सवय मोडावी लागते. 'ज लाव मे मँ' म्हटलं तर अर्थ कळतो, पण ते कानाला परकं वाटतं. फ्रेंचमध्ये मालकी 'म' सांगतो आणि हाताला साधं उपपद लागतं: 'ज म लाव ले मँ'. दात, केस, मोडलेला हात, सगळीकडे हेच.

नकारात 'न' आधी, मग सर्वनाम, मग सहायक क्रियापद आणि शेवटी 'पा': 'ज न म स्वी पा लवे' (मी उठलो नाही). 'ज म न स्वी' असं ऐकू येतं ते चूक. आज्ञार्थात सर्वनाम मागे जातं आणि 'त'चा 'त्वा' होतो: 'लॅव-त्वा!' नकारार्थी आज्ञेत ते परत पुढे: 'न त लॅव पा'. सर्वात जास्त वेळा घसरतो ते मूळ रूपावर. कोशात 'स लवे' पाठ झालेलं असतं, म्हणून 'आम्ही उठणार आहोत'साठी 'नूझालों स लवे' लिहिलं जातं. तिथेही सर्वनाम कर्त्याचंच हवं: 'नूझालों नू लवे'.

आता तो मुका 'ई'. 'स'वाल्या सगळ्या क्रियापदांना संयुक्त भूतकाळात (सहायक आणि कृदंत मिळून होतो तो) 'एत्र' (असणे) हे सहायक लागतं, म्हणून शिकणारा कृदंत सरळ कर्त्याशी जुळवतो. खरी जुळणी असते ती कर्माशी, आणि तीही कर्म आधी आलं असेल तरच. आपल्याला कर्मणी प्रयोग अंगवळणी पडलेला आहे: त्याने भाकरी खाल्ली, तिने भाकरी खाल्ली, क्रियापद भाकरीच्या मागे. तेच इथे लावा. 'एल सॅ लावे'त कर्म आहे 'स', म्हणजे तीच, आणि ते आधी आलंय, म्हणून 'ई'. 'एल सॅ लावे ले मँ'त कर्म आहे हात, ते नंतर आलंय, म्हणून काही नाही. पण 'ले मँ कॅल सॅ लावे', म्हणजे तिने धुतलेले हात, यात हात आधी आले, तर 'ई' आणि अनेकवचनाचा 'एस' दोन्ही लागतात. बोलताना तिन्ही 'लावे'च ऐकू येतात, त्यामुळे चूक फक्त लेखी पेपरात पकडली जाते. 'आसी' आणि 'आसीझ' (बसलेला, बसलेली) यांसारख्या थोड्याच जोड्यांत फरक कानावर पडतो.

'स' हे थेट कर्म आहे की नाही, हे ओळखायला मात्र मराठी उपयोगाची नाही, उलट फसवते. 'एकमेकींना मदत केली', 'एकमेकींना फोन केला', दोन्हीकडे 'ना'च. फ्रेंचमध्ये 'एदे' (मदत करणे) थेट कर्म घेतं, तर 'तेलेफोने'ला 'आ' हे शब्दयोगी लागतं. 'आ' लागत असेल तर 'स' हे थेट कर्म नव्हे, आणि जुळणी होत नाही. म्हणून 'एल स सों एदे'त 'ई' आणि 'एस', 'एल स सों तेलेफोने'त काही नाही. पार्ले (बोलणे), एक्रीर (लिहिणे), प्लॅर (आवडणे) यांचंही तेच. 'एल सॅ रांद्यू कोंत' (तिच्या लक्षात आलं) हे तर पाठच करून टाकावं, त्यात 'रांद्यू' कधीच बदलत नाही. उलट 'स सूव्नीर' (आठवणे), 'सेवान्वीर' (शुद्ध हरपणे) यांना 'स'शिवाय वापरच नाही, तिथे 'स'चं वेगळं काम शोधत बसू नका, कर्त्याशीच जुळवा.

'स' लागल्यावर अर्थ पार फिरतो अशी मोजकी क्रियापदं आहेत, त्यांत सर्वात धोकादायक 'दूते'. 'ज दूत कील व्यॅन' म्हणजे तो येईल की नाही याची मला शंकाच आहे. 'ज म दूत कील व्यँद्रा' म्हणजे तो येणार, याचा अंदाज आहेच. पहिल्यानंतर सब्जाँक्तिफ (शंका, इच्छा अशा ठिकाणी येणारं क्रियापदाचं रूप), दुसऱ्यानंतर साधा भविष्यकाळ. आणि 'ज मां दूतॅ' हे आपलं 'वाटलंच होतं मला!'