प्रवाळखडकावर चरणारे सी-अर्चिन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : अंदमानात स्नॉर्केलिंग करताना लांब, काळ्या काट्यांचे सी-अर्चिन कपारीत दिसले. बराच वेळ पाहूनही ते हलले नाहीत. ते खातात कधी आणि काय? जिवंत प्रवाळ खातात का?

आपल्या वर्णनावरून ते डायाडेमा प्रजातीचे असावेत. दिवसा भक्षक माशांपासून लपून राहायचे, अंधार पडला की चरायला निघायचे आणि उजाडण्यापूर्वी गुरे गोठ्यात परतावीत तसे कपारीत परतायचे, असा त्यांचा दिनक्रम असतो. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे मृत प्रवाळावर आणि उघड्या खडकावर वाढणारे शैवल. कॅरिबियन समुद्रात सेंट क्रॉय बेटाजवळ प्रवाळाच्या ढिगाऱ्यांभोवती समुद्रगवत नसलेला मोकळा पट्टा दिसत असे. संशोधकांनी एका ढिगाऱ्यावरचे सगळे अर्चिन उचलून नेले, तेव्हा तो पट्टा गवताने भरू लागला. म्हणजे तो अर्चिननीच चरून मोकळा ठेवला होता. जिवंत प्रवाळही काही अर्चिन कुरतडतात, पण बहुतेकांचे ते नेहमीचे अन्न नव्हे.

प्रश्न : त्याला तोंड तर दिसत नाही. मग तो दगडासारखा कठीण पृष्ठभाग खरवडतो कशाने?

तोंड खालच्या बाजूला, खडकाला टेकलेले असते. आत पाच दातांचे जबड्यासारखे यंत्र असते. ॲरिस्टॉटलने अर्चिनचे वर्णन करताना कंदिलाची उपमा वापरली होती, म्हणून या यंत्राला आजही ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. दात टोकाशी झिजतात आणि मुळाशी सतत वाढत राहतात. शिवाय त्यांचे थर अशा रीतीने तुटतात की धार आपोआप टिकते. शैवल खरवडताना त्याखालचा चुनखडीचा थरही निघतो आणि पोटातून भुकटी होऊन बाहेर पडतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या एका उत्तरात तिचा संबंध येणार आहे.

प्रश्न : एका जातीचे अर्चिन मेल्यामुळे कॅरिबियनमधील प्रवाळ उद्ध्वस्त झाले, असे ऐकले. हे खरे आहे का?

खरे आहे, पण तेवढेच कारण नव्हते. जानेवारी 1983 मध्ये पनामा कालव्याच्या कॅरिबियन तोंडाजवळ डायाडेमा अँटिलारम या जातीचे अर्चिन मरू लागले आणि साधारण 13 महिन्यांत ही साथ जवळजवळ संपूर्ण कॅरिबियनभर पसरली. बहुतेक ठिकाणी 90 टक्क्यांहून अधिक अर्चिन नष्ट झाले. सेंट क्रॉय येथे अवघ्या 5 दिवसांत शैवलाचे वजन सुमारे 20 टक्क्यांनी वाढल्याचे मोजले गेले.

जमैकाची कथा सर्वांत दुःखद आहे. तेथे शैवल खाणारे मासे बेसुमार मासेमारीने आधीच संपत आले होते, त्यामुळे चरण्याचा जवळजवळ सगळा भार या एका अर्चिनवर येऊन पडला होता. 1980 च्या ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडले. तरी अर्चिन शैवल आवरून धरत होते, म्हणून प्रवाळाचे डिंभ, म्हणजे पाण्यात तरंगणारी पिल्ले, मोकळ्या खडकावर बसून नव्याने वाढू लागले होते. अर्चिन गेल्यावर ती जागाच उरली नाही. 1977 मध्ये सुमारे 52 टक्के असलेले प्रवाळाचे आच्छादन 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 3 टक्क्यांवर आले आणि शैवलाचे 4 टक्क्यांवरून 92 टक्क्यांवर गेले. माझ्या मते जमैकाच्या प्रवाळांचा घात साथीइतकाच, एकाच चरणाऱ्या प्राण्यावर विसंबण्याची वेळ आणणाऱ्या मासेमारीने केला. 1983 च्या रोगाचा जंतू तेव्हा सापडलाच नाही. 2022 मध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा मात्र एका सूक्ष्म, रोमधारी आदिजीवाचा, म्हणजे अंगावर केसांसारखे तंतू असलेल्या एकपेशीय जीवाचा, दोष सिद्ध झाला.

प्रश्न : मग मालवणच्या प्रवाळांवर अर्चिन आणून सोडावेत का? जितके जास्त, तितके चांगले ना?

तळमळ समजते, परंतु कृपया असे करू नये. वर सांगितलेली चुनखडीची भुकटी येथे आठवावी. अर्चिन प्रमाणात असले तर खडक स्वच्छ राहतो. फार झाले तर प्रवाळ वाढतो त्याहून वेगाने खडक झिजतो. केनियाच्या किनाऱ्यावर हे स्पष्ट दिसते. मासेमारी जास्त असलेल्या खडकांवर एकिनोमेट्रा जातीच्या अर्चिनची गर्दी आढळते, तर संरक्षित सागरी उद्यानांत ट्रिगरफिश त्यांना फोडून खातात आणि संख्या आटोक्यात राहते. गॅलापॅगोस बेटांवर 1982-83 च्या एल निनोने, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापवणाऱ्या हवामान-घटनेने, प्रवाळ मेल्यानंतर उरलेले सांगाडे अर्चिननी पोखरून काढले.

यशस्वी उदाहरण हवाईचे आहे. कानेओहे उपसागरात बाहेरून आणलेले कप्पाफायकस हे शैवल प्रवाळांवर पसरले. तेथे पाणबुड्यांनी पाण्याखालील पंपाने ते ओढून काढले आणि मग उरलेले चरण्यासाठी त्याच समुद्रातल्या स्थानिक ट्रिपन्युस्टिस अर्चिनची पिल्ले संवर्धन केंद्रात वाढवून सोडली. हेच शैवल आपल्याकडे मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवरही पसरलेले आढळले आहे. मालवणचे अभयारण्य 1987 पासून आहे. तेथे आधी पाहायला हवे ते कोणते मासे आणि कोणते अर्चिन आज चरत आहेत, आणि शैवल खरोखरच वाढते आहे का.

प्रश्न : घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला अर्चिन दगडांवरचा जांभळा थर खरवडतो. तो आजारी आहे का?

नाही. तो थर चुनायुक्त शैवलाचा आहे आणि अर्चिन तोही खातो. टाकीत इतर शैवल कमी पडत असेल, तर वाळवलेल्या समुद्री शैवलाचा, म्हणजे नोरीचा, तुकडा त्याच्याजवळ ठेवावा. नोरी मसाला किंवा तेल न लावलेली असावी.