नुसतं मटण खाऊन राहता येतं काय? मी ५८ दिवस राहिलोय

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की वय ३९, वजन ९१, शुगर बॉर्डरवर, आणि रीलवाले सांगतात की धान्य, भाजी, फळ सगळं बंद करून फक्त मांस, अंडी, तूप खायचं म्हणजे शुगर पळून जाते, तर हे खरं काय आणि तब्येतीवर काय परिणाम होतो. मी कोल्हापूरचा म्हटल्यावर बऱ्याच जणांना वाटणार की हा "हाणा की बिनधास्त" म्हणणार. मी स्वतः हा उद्योग केलाय म्हणून लिहितोय. डॉक्टर नाही, शिरोली एमआयडीसीत काम करणारा साधा माणूस आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकतो, कोल्हापूरकर मटणावर जगतो हा. आमच्या ताटात मटणाच्या फोडी असतात चार-पाच, पाहुणा असेल तर सात-आठ, आणि बाकी सगळा खेळ रश्श्याचा असतोय. तांबडा म्हणजे कांदा-लसूण चटणी, खोबरं, तीळ, आणि पांढरा म्हणजे आळणीत (मटण शिजवलेल्या पाण्यात) नारळाचं दूध, काजू, खसखस, आणि हे वाट्यावर वाट्या ओढायचं भाकरी कुस्करून आणि वर भात. किलोभर मटणात सहा-सात माणसं जेवून उठतात. त्यात सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, नवरात्र, मार्गशीर्ष काढा आणि सांगा वर्षात दिवस किती उरले. त्यामुळं "आमचा आज्जा जन्मभर मटण खाऊन नव्वद वर्षं जगला" असं कोणी सांगितलं की मी हसतो, कारण माझाही आज्जा तसलाच होता, पण तो मटण खायचा गावच्या म्हाईला (जत्रेला) नाहीतर पाहुणे आले तर, रोज खायचा ज्वारीची भाकरी, झुणका आणि शेतातली भाजी, आणि दिवसभर ऊस तोडायचा.

पैलवानांचं पण तेच. आमच्या तालमीतली पोरं मटण खातात हे खरं, पण त्यांची खरी ताकद दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईत असते असं वस्ताद सांगतात (गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रात्री जाऊन बघा गर्दी), आणि पूर्ण शाकाहारी पैलवानही पुष्कळ आहेत. शिवाय हजार-हजार जोर-बैठका मारणाऱ्याचं जेवण खुर्चीत बसणाऱ्यानं खायचं म्हणजे अवघडच आहे. मी खुर्चीतलाच.

तर झालं काय, माझं वजन ९४ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) ६.३ आलं, आणि भाच्यानं मोबाईलवर ते कार्निव्होर डाएटचं व्हिडिओ दाखवलं. संक्रांतीची पोळी खाऊन दुसऱ्या दिवशी चालू केलं. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "भाकरी नाही तर त्याला जेवण कोण म्हणतंय रं?" आणि सोमवारी-शनिवारी घरात मटण शिजणार नाही हे पण तिनं तेव्हाच सांगून टाकलं, त्यामुळं त्या दोन दिवशी मी पनीर, सायीचं दही आणि तुपावर काढले, म्हणजे कट्टर लोकांच्या हिशोबात मी पहिल्याच आठवड्यात नापास.

पहिली चूक फार मोठी केली. "हेल्दी" करायचं म्हणून चिकनचं बिनहाडी छातीचं मटण आणि बोकडाच्या फऱ्याचं, तेही खाटीकमामांना सगळी चरबी काढून द्यायला लावून. चौथ्या दिवशी जुलाब, डोकं जड, अंगात जीव नाही, आणि खाऊन उठलं की परत भूक. अर्धा किलो खाल्लंय आणि पोट म्हणतंय काही आलंच नाही. मला वाटलं शरीर "उष्णता पडली" म्हणून बंड करतंय, शेजारणीनं पण हेच निदान केलं आणि सब्जा प्यायला सांगितलं.

खरं कारण नंतर वाचनात आलं आणि हे तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे म्हणून सविस्तर सांगतो. स्टेफान्सन नावाचा एक शोधप्रवासी होता, उत्तर ध्रुवाकडं इनुइट लोकांसोबत वर्षानुवर्षं राहिलेला, तो अमेरिकेत येऊन सांगायला लागला की मी मांस-माशावर ठणठणीत राहिलो, डॉक्टरांना पटेना, म्हणून १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या देखरेखीत तो आणि त्याचा साथीदार अँडरसन असे दोघं वर्षभर फक्त मांसावर राहिले. सुरुवातीला डॉक्टरांनी स्टेफान्सनला मुद्दाम चरबी नसलेलं मांस दिलं, तर दोन-तीन दिवसांतच त्याला जुलाब आणि अस्वस्थपणा, म्हणजे जे मला झालं तेच. मग चरबीवाले तुकडे आणि चरबीत तळलेला भेजा दिल्यावर गडी दोन दिवसांत सरळ. (भेजा फ्रायनं माणूस बरा होतो हे आमच्या गल्लीत आधीपासून माहिती होतं, पण असो.) पुढं वर्षभर दोघांच्या कॅलरीतल्या तीन चतुर्थांशच्या वर कॅलरी चरबीतून येत होत्या. म्हणजे त्याला मांसाहार म्हणतात पण खरं तो चरबीचा आहार आहे, मांस तोंडी लावायला.

आता आपला बोकड बघा. बिनहाडी, चरबी काढलेल्या कच्च्या मटणात १०० ग्रॅममागं २० ग्रॅम प्रोटीन आणि जेमतेम दोन-अडीच ग्रॅम चरबी, कॅलरी साधारण ११०. दिवसाला २००० कॅलरी पाहिजेत तर पावणेदोन किलोच्या वर मटण खायला लागतंय, आणि त्यातनं प्रोटीन जातंय साडेतीनशे ग्रॅमच्या पुढं. आयसीएमआरच्या (आपल्या सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) हिशोबानं माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे मला ७५-७८ ग्रॅम. एवढं प्रोटीन जाळून त्यातला नायट्रोजन युरिया करून बाहेर टाकायची लिव्हरला एक मर्यादा असते, ती ओलांडली की माणूस भरल्या पोटी आजारी पडतो. थंड प्रदेशातले शिकारी याला सशाची उपासमार म्हणायचे कारण सशाच्या अंगावर चरबी नसते. तिकडच्या व्हिडिओत दिसतो तो चरबीच्या पांढऱ्या रेषा असलेला गोमांसाचा स्टेक, आपण त्याची नक्कल करतो बोकडावर, मग बिघडणार नाही तर काय. आणि पैशाचं तर बोलूच नका, याच कोल्हापुरात २०१९ ला मटणाच्या दरावरनं आंदोलन झालं होतं, तेव्हापेक्षा आता काय स्वस्त झालंय होय.

मग मी खाटीकमामांना सांगितलं चरबी काढू नका, नळी घाला, मुंडी द्या, पाया द्या, आणि जेवणात तूप आणि पाच-सहा अंडी. मसाला बंद म्हणून आळणीवर आलो, नुसतं मीठ-हळद घालून शिजवलेलं मटण आणि त्याचं पाणी, जे आपण बाळाला नाहीतर आजाऱ्याला देतो. दहाव्या दिवसापासून खरंच बरं वाटायला लागलं हे मान्य करतो. दुपारी येणारी झोप गेली, भूक दोन वेळेवर आली. पहिल्या आठवड्यात साडेतीन किलो उतरलं तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो, नंतर कळालं की ते बहुतेक पाणी होतं, शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (म्हणजे साखरेच्या साठ्याच्या) एका ग्रॅमबरोबर तीन ग्रॅमभर पाणी असतंय, भाकरी-भात बंद झाला की साठा संपतो आणि पाणी निघून जातं, सोबत मीठही, म्हणून सुरुवातीला डोकं दुखतंय.

त्रास कुठं झाला? कोठा साफ होईना, आळणी पिऊन पिऊन पण नाही, कारण फायबर शून्य. तोंडाला वास, बायको म्हणाली पेरू सडल्यासारखा येतोय, तो किटोनचा, शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की तयार होतो तो. आणि कलेजी. व्हिटॅमिन सी आणि फोलेट मिळावं म्हणून मी कलेजी एक दिवसाआड चालू केली होती, पाव-पाव किलो. इनुइट लोकांना स्कर्व्ही (व्हिटॅमिन सी कमी पडल्यानं होणारा रोग) होत नव्हता तो कच्ची कलेजी, देवमाशाची कातडी असलं खाऊन, शिजवलं की व्हिटॅमिन सी बरंच जातं. पण कलेजीत व्हिटॅमिन ए एवढं असतं की १०० ग्रॅममध्येच दिवसाची सुरक्षित मर्यादा ओलांडली जाते, आठवड्यातनं एकदा खाणं वेगळं आणि माझ्यासारखं खाणं वेगळं, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला असलं अजिबात देऊ नका. दुसरं म्हणजे कलेजी, वजडी, मुंडी यात प्युरिन भरपूर, त्याचं युरिक ॲसिड होतं, आणि वर किटोन वाढले की किडनी युरिक ॲसिड कमी बाहेर टाकते. पन्नासाव्या दिवसाच्या आसपास रात्री दोनला उजव्या पायाचा अंगठा असा ठणकायला लागला की चादर लागलेली सहन होईना. मला वाटलं बूट लागला असेल.

डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, "काय खाताय?" रिपोर्ट असा आला: वजन ८६.५, एचबीए१सी ५.९, ट्रायग्लिसराइड २४० वरनं १३०, इथपर्यंत मी खुश. मग युरिक ॲसिड ८.३ (अंगठ्याचं दुखणं त्याचंच, त्याला गाऊट म्हणतात) आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ वरनं १८७. मी वाद घातला, म्हटलं व्हिडिओत म्हणतात एलडीएल वाढलं तर काळजी नाही ट्रायग्लिसराइड बघायचं. ते म्हणाले, व्हिडिओवाला तुमची अँजिओग्राफी करायला येणार आहे काय. आपल्याकडं हार्टचा त्रास तसाही लोकांना कमी वयात होतो, आणि माझ्या वडिलांना ५४ ला झालाय, त्यामुळं पुढं बोललो नाही.

नंतर शोधलं तर हा माझ्या एकट्याचा प्रकार नाही. २०२१ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी असा आहार करणाऱ्या २०२९ जणांचा ऑनलाइन सर्व्हे छापलाय, त्यात बहुतेक जण खुश होते, शुगरवाल्यांची औषधं कमी झाली म्हणाले, पण ज्यांनी रिपोर्ट दिले त्यांचा मधला एलडीएल १७२ होता. आणि सर्व्हेत सहा महिने टिकलेलेच लोक घेतले होते, माझ्यासारखा अंगठा धरून बसलेला त्यात येणारच नाही. इनुइटांचं उदाहरण देणाऱ्यांनी हे पण लक्षात घ्यावं की त्या लोकांत चरबी पचवण्याच्या जीनमध्येच वेगळा बदल सापडलाय, हजारो वर्षांत तयार झालेला. आपल्याकडं पिढ्यानपिढ्या ज्वारी-बाजरी.

कॅन्सरचं कोणीतरी खाली विचारणार म्हणून सांगतो. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ ला प्रोसेस्ड मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हे कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, रोज ५० ग्रॅममागं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्के वाढतो असं. ताजं लाल मांस त्याच्या खालच्या, "बहुधा" च्या गटात आहे. रविवारच्या सुक्क्यानं घाबरायचं कारण नाही, पण तिन्ही त्रिकाळ बेकन खाणाऱ्याची नक्कल नको.

मटण वाईट असं मी म्हणत नाहीये हां. बी१२ पूर्ण शाकाहारी माणसाला दूध-दह्यातनं जेमतेम मिळतं, माझं मटणामुळं कायम चांगलं असतं, आणि रक्त कमी असलेल्या बाईला मटणातलं लोह भाजीतल्यापेक्षा चांगलं लागू पडतं. माझी शुगर उतरली ती मटणानं नव्हे, साखर, चहासोबतची बिस्किटं, वडापाव आणि ताटभर भात बंद झाल्यानं, हे मला प्रयोगानंतरच्या चार महिन्यांत कळालं. होळीला मी आईच्या हातची अर्धी पुरणपोळी खाल्ली आणि तो प्रयोग संपला. त्यानंतर बुधवार-रविवार मटण किंवा चिकन, एक भाकरी, उसळ, काकडी-कांदा, भात फक्त रश्श्याच्या दिवशी मूठभर. चार महिन्यांनी एचबीए१सी ५.८, एलडीएल १२४, युरिक ॲसिड ६.७, वजन ८५.

तुम्ही तरी करणारच असाल तर आधी लिपिड (कोलेस्टेरॉलची टेस्ट), युरिक ॲसिड, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), एचबीए१सी करून घ्या आणि सहा आठवड्यांनी परत करा. शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता एक दिवस पण करू नका. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू असताना धान्य बंद केलं की शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येते, आणि डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्यावाल्यांना तर मीटरवर शुगर नॉर्मल दिसत असतानाच किटोॲसिडोसिस (किटोन फार वाढून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, तेव्हा थेट आयसीयू. किडनीचा किंवा मुतखड्याचा इतिहास असेल तर विषय सोडून द्या.

खाटीकमामा अजून मला बघितलं की विचारतात, "मुंडी ठेवू काय?" मी अंगठा दाखवतो, उजव्या पायाचा.