स्ट्रिंग लायब्ररी (खऱ्या वादकांचे रेकॉर्ड केलेले सूर कीबोर्डवरून वाजवायचा संच) घेतली तरी व्हायोलिन कीबोर्डसारखेच वाटतात आणि तालाच्या मागे पडतात. आणखी मोठी लायब्ररी घ्यावी का? १६ जीबी रॅम आहे.

नका घेऊ. निदान खाली सांगतोय ते एकदा करून बघेपर्यंत तरी नका घेऊ.

नुसतं "कीबोर्डसारखे वाटतात" एवढंच विचारलं असतं तर दोन ओळी खरडून पुढे गेलो असतो. पण "तालाच्या मागे पडतात" हे वाचलं आणि थांबलो. याच एका वाक्यावरून एका माणसाशी माझं वाजलं होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

तेव्हा आम्ही दोघं मिळून कामं घ्यायचो. मी संगीत लिहायचो, तो रेकॉर्डिंग आणि मिक्स बघायचा. अठरा मिनिटांचा एक लघुपट हातात होता. शेवटचा प्रसंग दोन मिनिटांचा, संवाद एकही नाही. म्हातारा रिकाम्या घरातला एकेक दिवा मालवत बाहेर पडतो, बस. मी पियानो आणि स्ट्रिंग्ज एवढंच ठेवलं होतं, टेम्पो ७२, म्हणजे मिनिटाला ७२ मात्रा. पियानो खरा, वाजवून रेकॉर्ड केलेला. स्ट्रिंग्ज लायब्ररीतल्या. पहिल्या व्हायोलिनची ओळ लेगॅटो पॅचवर (सूर एकमेकांना जोडून वाजवायचा, लायब्ररीतला तयार आवाज), पियानो ऐकत मी हाताने वाजवलेली.

ऐकून तो म्हणाला, "तुझा हात मागे पडतोय."

लहानपणापासून तालवाद्य वाजवत आलेल्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे शिंप्याला सुई ओवता येत नाही म्हणण्यासारखं. तरी मी गप्प बसलो, कारण स्ट्रिंग्ज मागे पडतायत हे मलाही ऐकू येत होतं. त्याने सगळे स्वर सिलेक्ट केले, शंभर टक्के क्वांटाइझ मारलं, म्हणजे सगळी ओळ ग्रिडवर, मात्रांच्या रेषांवर, नेऊन बसवली. पुन्हा लावलं. आता तर आणखीच मागे!

खरं तर इथेच आम्हा दोघांनाही शंका यायला हवी होती. स्वर डोळ्यांना बरोबर रेषेवर दिसतायत आणि कानाला उशिरा येतायत, म्हणजे गडबड हाताची नाही. पण त्याने निकाल दिला की लायब्ररीच टुकार आहे, आणि मी मान डोलावली, कारण निदान माझ्या हातावरचा आळ तरी टळत होता. मग दुसरी लायब्ररी घेतली, पहिलीच्या तिप्पट आकाराची. रात्रभर डाउनलोड. तीच क्वांटाइझ केलेली मिडी (कुठली की कधी आणि किती जोरात दाबली याची नोंद) तिच्यावर चढवली. हिचा लेगॅटो पहिलीहून निवांत. डेडलाइन आली तसा त्याने रिव्हर्ब (घुमार) वाढवून सगळं झाकून टाकलं आणि आम्ही काम देऊन मोकळे झालो. दिग्दर्शक भला माणूस होता. एवढंच म्हणाला, "पियानोच्या मागून कुणीतरी धापा टाकत जिना चढतंय असं वाटतं."

लघुपटाच्या खेळाला व्हायोलिन वाजवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तो शेवटचा सूर चौदा सेकंद एकाच जोरात चाललाय. एवढा लांब बो कुठे मिळतो हो?" बो म्हणजे व्हायोलिनचा गज. त्यांच्याकडे नंतर येतो.

पुढे अडीच वर्षांनी एका वेगळ्याच कामासाठी मी त्या पहिल्या लायब्ररीचं मॅन्युअल उघडलं. हो, अडीच वर्षांनी. तुम्हीही उघडलं नसणार, म्हणून सांगतो काय होतं त्यात.

लेगॅटो पॅचमध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर जातानाचा प्रवासही रेकॉर्ड केलेला असतो. वादकाचं बोट सरकलं, तार दबली, नवा सूर लागला, हे सगळं त्या तुकड्यात आहे. तुम्ही की दाबता तेव्हा नवा सूर वाजत नाही, त्याच्याकडे जायला सुरुवात होते. पोचायला वेळ लागतोच. हा वेळ कापून टाकला तर ज्या जिवंतपणासाठी लायब्ररी घेतली तोच गेला. किती वेळ, हे बहुतेक ठिकाणी व्हेलॉसिटीवर ठरतं: की हळू दाबली तर संथ लेगॅटो, जोरात दाबली तर जलद. सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्ज (आमच्याकडे होती ती ही नव्हे) हे आकडे सरळ मॅन्युअलमध्ये देते: संथ ३३३ मिलिसेकंद, मध्यम २५०, जलद १००. आता ७२ च्या टेम्पोला एक मात्रा होते ८३३ मिलिसेकंदांची. म्हणजे संथ लेगॅटो मात्रेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त उशिरा पोचतो. धापा टाकत जिना चढणारा माणूस हाच.

त्या रात्री जुनं प्रोजेक्ट उघडलं. क्वांटाइझ करण्याआधीची माझी हाताने वाजवलेली ओळ तिसऱ्या व्हर्शनमध्ये शाबूत होती. आधी ग्रिडवाली ओळ घेतली, तीच सुरावट पियानोवर डबल केली आणि दोन्ही आवाज एकजीव होईपर्यंत स्ट्रिंग्जचा ट्रॅक लवकर वाजेल असा सरकवत गेलो. जवळपास ३०० मिलिसेकंद. मग माझी हाताची ओळ बघितली. एकेक स्वर ग्रिडपासून किती दूर आहे ते कागदावर लिहून काढलं. मी सरासरी १९० मिलिसेकंद आधी की दाबत होतो!

मला कुणी शिकवलं नव्हतं. कान उशीर ऐकत होता आणि हात आपोआप पुढे धावत होता. म्हणजे माझ्या ओळीत ऐकू येणारा उशीर होता सुमारे ११० मिलिसेकंदांचा, आणि त्याने क्वांटाइझ मारून तो ३०० वर नेला. मी अगदी निर्दोष नव्हतो हे मान्य, ११० म्हणजे काही शून्य नव्हे. पण माझा हात मागे नव्हता, पुढे होता. त्याला स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं, "पण मिक्समध्ये रिव्हर्ब जास्त झालं होतं हे मी तेव्हाच म्हणालो होतो." रिव्हर्ब त्यानेच वाढवलं होतं.

असो. तुमच्याकडे वळतो.

प्रत्येक आर्टिक्युलेशनला (वाजवण्याच्या पद्धतीला) वेगळा ट्रॅक ठेवा. लेगॅटो एका ट्रॅकवर, स्पिकॅटो (उसळत्या बोचे तुटक सूर) दुसऱ्या, पिझिकॅटो (बोटाने छेडलेले सूर) तिसऱ्या. कीस्विचने (पद्धत बदलणाऱ्या खास कीने) एकाच ट्रॅकवर सगळं कोंबायचं हे दिसायला सुटसुटीत असतं, पण प्रत्येकाचा उशीर वेगळा, मग ट्रॅक डिले एकच कसा चालेल? प्रत्येक ट्रॅकला उणे डिले द्या, म्हणजे तो तेवढा आधी वाजेल, पियानोवर डबल करून कानाने जुळवा, आकडा ट्रॅकच्या नावातच लिहून ठेवा. एक मेख आहे. लेगॅटोच्या प्रत्येक ओळीतला पहिला स्वर कुठूनही येत नसतो, त्यामुळे त्याला प्रवास नाही, तो लवकर वाजतो. सगळा ट्रॅक ३०० ने पुढे ओढला की हा पहिला स्वर टपकन आधीच पडतो. तेवढा एक स्वर हाताने मागे ढकला. आणि क्वांटाइझ मारायचंच तर पन्नास-साठ टक्क्यांवर थांबा. शंभर टक्के क्वांटाइझ मारणाऱ्याला सोळा माणसं एकत्र वाजवताना कशी ऐकू येतात हे ठाऊक नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. (कुणाबद्दल बोलतोय ते कळलंच असेल.)

आता कीबोर्डसारखं वाटण्याबद्दल. तुम्ही उजव्या हाताने चार स्वरांचा कॉर्ड एकाच व्हायोलिन पॅचवर दाबत असणार. सोळा व्हायोलिनांचा पॅच असेल तर तुम्ही चौसष्ट व्हायोलिन वाजवलेत. खऱ्या विभागाला चार स्वर दिले तर सोळा जण चार-चारांत वाटले जातात, आवाज बारीक होतो. तुमच्याकडे जाड होतो, म्हणून तो ऑर्गन वाटतो. कॉर्ड फोडा. वरचा स्वर पहिल्या व्हायोलिनला, त्याखालचा दुसऱ्या व्हायोलिनला, मग व्हायोला, चेलो, डबल बेस, आणि प्रत्येकाची ओळ एकट्याने गुणगुणता येईल अशी लिहा. एवढ्याने निम्मा कीबोर्ड निघून जातो, कुठलीही नवी लायब्ररी न घेता.

उरलेला निम्मा मॉड व्हीलमध्ये, म्हणजे कीबोर्डवरच्या त्या चाकात, आहे. लांब सुरांच्या पॅचमध्ये व्हेलॉसिटीने बहुधा आवाज बदलतच नाही, सीसी १ ने, म्हणजे या चाकाने पाठवलेल्या मिडी संदेशाने, बदलतो. आणि तो नुसता आवाज वाढवत नाही, हळू वाजवलेल्या रेकॉर्डिंगवरून जोरात वाजवलेल्या रेकॉर्डिंगकडे नेतो, सुराचा पोतच बदलतो. सीसी ११ मात्र फक्त आवाज कमीजास्त करतो. नवखे लोक सीसी १ एका जागी ठेवून सीसी ११ नेच सगळा चढउतार काढतात. त्याने खोलीचं दार उघडझाप केल्यासारखं वाटतं, वादकाने जोर लावल्यासारखं नाही. प्रत्येक लांब सुराला सीसी १ ची चढण-उतरण द्या, हाताने, एका टेकमध्ये. माऊसने काढलेल्या सरळ रेषा ओळखू येतात.

आता त्या बाई आणि त्यांचा बोचा प्रश्न. १९६३ साली मेलोट्रॉन नावाचं कीबोर्ड वाद्य आलं. प्रत्येक कीमागे टेपची एक पट्टी, तिच्यावर खऱ्या वाद्याचा सूर, आणि पट्टी साधारण आठ सेकंदांत संपायची. संपली की आवाज बंद, की सोडून पुन्हा दाबायची. वाजवणारे वैतागायचे, पण त्या अडचणीमुळे त्यांना वाक्य तोडावंच लागायचं, जसं व्हायोलिनवाल्याला बो संपला की दिशा बदलावी लागते. आपल्या लायब्ररीतला सूर लूप होतो, की दाबून ठेवा, अर्धा तास वाजेल. म्हणून आपण चौदा सेकंद एकाच जोरात ताणतो आणि लाज वाटत नाही. जोरात वाजवताना बो लवकर संपतो, हळू वाजवताना पुरतो. मोठ्या आवाजाच्या सुराला दर तीनचार सेकंदांनी तोच स्वर पुन्हा द्या. बऱ्याच लायब्ररींत लेगॅटोमध्ये तोच स्वर पुन्हा दाबला की बो बदलल्याचं रेकॉर्डिंग वाजतं. तुमच्याकडे आहे का बघा. बाईंना मी तेव्हा काहीही उत्तर दिलं नव्हतं, नुसता हसलो होतो.

या लायब्ऱ्या एवढ्या अवजड का, हेही कळू द्या म्हणजे आकाराचं आकर्षण जाईल. लेगॅटोसाठी एका स्वरावरून एका सप्तकापर्यंत वर आणि खाली मिळून चोवीस अंतरं. तीन सप्तकांत छत्तीस स्वर. गुणाकार ८६४, कडेचे थोडे वगळा. हे एकाच जोराचं आणि एकाच वेगाचं. मग हळू-मध्यम-जोरात, मग तीन-चार माइक. त्या तिप्पट आकारातला बराचसा भाग माइकांचा असतो, सुरांचा नव्हे. आम्ही घेतलेल्या मोठ्या लायब्ररीत पाच माइक होते आणि आम्ही शेवटपर्यंत एकच वापरला.

एवढं सगळं करूनही घ्यायचीच असेल, तर आकार सोडून खोली बघा. व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीची जुनी रेकॉर्डिंगं सायलेंट स्टेज नावाच्या कोरड्या जागेतली आहेत, रिव्हर्ब तुम्हालाच द्यावा लागतो. स्पिटफायरच्या बऱ्याचशा लायब्ऱ्या लंडनच्या एअर स्टुडिओतल्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये झाल्यात. ती मूळची चर्चची इमारत, तिचा घुमार सुरातच मुरलेला आहे, काढता येत नाही. दोन्ही जाती एकत्र वापरल्या तर एक वादक कपाटात आणि दुसरा गाभाऱ्यात बसल्यासारखा वाटतो. तुमच्या पियानोशी कुठली खोली जुळते ते आधी ऐका. आणि लहान विभाग घ्या. तीन-चार व्हायोलिनांच्या चेंबर विभागात चुका लपत नाहीत, म्हणून शिकायला बरा. साठ माणसांच्या आवाजात कुणाचंही काहीही खपतं, माझ्या भागीदाराचा रिव्हर्बसुद्धा.

१६ जीबीचं राहिलंच. पुरेल. एकच माइक लोड करा, न वापरलेले स्वर पर्ज करा (रॅममधून काढा), लायब्ररी एसएसडीवर ठेवा, झालेले ट्रॅक बाउन्स करून (ऑडिओ फाइल बनवून) पॅच बंद करा.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तुमच्या लायब्ररीत लुकअहेडची सोय असेल तर ती उशीर स्वतःच सगळ्या स्वरांना सारखा करून देते. मग वरचं वेगवेगळ्या डिलेचं प्रकरण करू नका, ती सांगते तो एकच आकडा टाका. आणि तुम्ही स्ट्रिंग्ज फक्त मागे पसरलेल्या पॅडसारख्या वापरत असाल, तर यातलं निम्मं काहीच लागू नाही. तिथे उशीर चांगलाच वाटतो. प्रश्नात कुठली लायब्ररी आहे ते लिहिलेलं नाही. मॅन्युअलमध्ये लेगॅटोचे आकडे सापडले तर इथेच खाली टाका, किती सरकवायचं ते सांगतो.